पाच मिनिटांत पिक्चरची गोष्ट विकायची कशी? ‘पिचिंग’च्या टेबलावर नेमकं काय घडतं?

एक मोठा हॉल. ओळीने मांडलेली टेबलं. प्रत्येक टेबलामागे कुठल्यातरी प्रॉडक्शन हाऊसचा, स्टुडिओचा किंवा ओटीटी प्लॅटफॉर्मचा माणूस बसलेला. दाराबाहेर हातात फाईल घेऊन तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणाऱ्या लेखकांची रांग. घंटा वाजते, लेखक आत जातात, खुर्चीत बसतात आणि बोलायला लागतात. पाच मिनिटांनी पुन्हा घंटा. उठायचं आणि पुढच्या टेबलावर जायचं.

वधू-वर मेळाव्यासारखं वाटतं ना? प्रकार साधारण तसाच आहे. फक्त इथे स्थळ म्हणून आलेली असते ती सिनेमाची गोष्ट.

याला म्हणतात पिचिंग. ज्याच्याकडे पैसा आहे किंवा पैसा लावायचा की नाही हे ठरवण्यात ज्याचा हात आहे, त्याच्यासमोर बसून आपल्या सिनेमाची कल्पना तोंडी मांडायची. ज्याचा मामा-काका फिल्म लाइनमध्ये नाही, ज्याला कुठल्या निर्मात्याचा फोन नंबर माहीत नाही, अशा माणसासाठी इंडस्ट्रीत शिरायचा हा एक अधिकृत दरवाजा आहे. पण याच दरवाज्यात लेखकाची सगळ्यात मोठी भीतीही उभी असते. गोष्ट सांगितली आणि समोरच्याने ती ढापली तर?

म्हणून हा सगळा प्रकार काय आहे, तो आला कुठून, समोर बसलेला माणूस नेमका कोण असतो आणि कायदा कोणाच्या बाजूने आहे, हे नीट समजून घेऊ.

आधी शब्द समजून घ्या

पिचिंगच्या दुनियेत चार-पाच शब्द सतत कानावर पडतात.

लॉगलाइन म्हणजे एका किंवा दोन वाक्यांत अख्खी गोष्ट. सिनॉप्सिस म्हणजे एक-दोन पानांतला सारांश, शेवटासकट. ट्रीटमेंट म्हणजे संवादांशिवाय सविस्तर लिहिलेली कथा. पिच डेक म्हणजे चित्रं, संदर्भ, पात्रांची ओळख आणि सिनेमाचा एकूण मूड दाखवणारं प्रेझेंटेशन. आणि नॅरेशन म्हणजे आपल्याकडची खास पद्धत, म्हणजे पूर्ण स्क्रिप्ट समोर बसून वाचून किंवा सांगून दाखवणं.

यात सगळ्यात अवघड काम लॉगलाइनचं. उदाहरण म्हणून ‘शोले’ घ्या. “ही मैत्रीची, सुडाची आणि त्यागाची गोष्ट आहे” असं कोणी सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. असे सिनेमे शेकड्याने आहेत. पण “दोन्ही हात गमावलेला माजी पोलीस अधिकारी आपलं कुटुंब संपवणाऱ्या डाकूला जिवंत पकडण्यासाठी दोन भुरट्या चोरांना पैसे देऊन गावात आणतो” असं म्हटलं की डोळ्यांसमोर पिक्चर सुरू होतो. कोणाला काय हवंय, त्याच्या आड कोण येतंय आणि तो काय मार्ग काढतो, हे सगळं त्या एका वाक्यात आहे. चांगल्या लॉगलाइनमध्ये एवढंच असावं लागतं.

भारतातलं पहिलं पिच? दादासाहेबांचा वाटाणा!

पिचिंग हे हॉलिवूडचं खूळ आहे असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा आणि साहित्य घेऊन परतले. सिनेमा काढायचा हे ठरलं होतं, पैसा मात्र नव्हता. आणि पैसेवाल्यांना हा माणूस नेमकं काय करणार आहे हेच कळत नव्हतं.

फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला. त्याची वाढ कॅमेऱ्याने रोज थोडी थोडी टिपली आणि जवळपास महिन्याभराच्या या उद्योगातून एक छोटी फिल्म तयार केली. बीला कोंब फुटतो, रोप वर येतं, वेल होते, सगळं काही क्षणांत. निवडक लोकांना बोलावून ही फिल्म दाखवली. ती बघून यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि भारतीय सिनेमाचा जन्म झाला.

आज स्टुडिओवाले याला ‘प्रूफ ऑफ कन्सेप्ट’ म्हणतात. म्हणजे “मी हे करू शकतो” असं नुसतं सांगण्याऐवजी थोडंसं करूनच दाखवायचं.

हॉलिवूडमध्ये पंचवीस शब्दांचं वेड कुठून आलं?

अमेरिकेत १९६९ मध्ये एबीसी या वाहिनीवर ‘मूव्ही ऑफ द वीक’ सुरू झालं. दर आठवड्याला खास टीव्हीसाठी बनवलेला नवा सिनेमा. अडचण अशी की या सिनेमांची जाहिरात करायला टीव्हीवर अर्धा मिनिट मिळायचा. म्हणून ज्यांची गोष्ट अर्ध्या मिनिटात सांगता येईल असेच विषय निवडले जाऊ लागले. यातून ‘हाय कॉन्सेप्ट’ हा शब्द रूढ झाला. तेव्हा एबीसीत असलेले आणि नंतर पॅरामाउंटची सूत्रं हाती घेणारे बॅरी डिलर आणि मायकल आयसनर यांना त्याचं श्रेय दिलं जातं. स्टीव्हन स्पीलबर्गनेही पुढे, पंचवीस शब्दांत सांगता येणाऱ्या कल्पनेतून चांगला सिनेमा होऊ शकतो, अशा अर्थाचं मत मांडलं होतं.

मग काय, सगळा कारभार “अमुक सिनेमा, पण तमुक जागी” या भाषेत सुरू झाला. ‘एलियन’ची ओळख “अंतराळातला जॉज” अशी करून दिली गेल्याचा किस्सा आजही सांगितला जातो. ‘स्पीड’ म्हणजे “बसमधला डाय हार्ड”. ही पद्धत इतकी बोकाळली की १९९२ मध्ये रॉबर्ट आल्टमन यांनी ‘द प्लेअर’ हा सिनेमाच त्यावर काढला. दिवसभर लेखकांची पिचेस ऐकणारा एक स्टुडिओ अधिकारी हाच त्याचा नायक. पहिल्याच, जवळपास आठ मिनिटांच्या एका सलग शॉटमध्ये लेखक त्याच्यासमोर आपापले पिक्चर विकत असतात.

आपल्याकडे मात्र ‘नॅरेशन’

मुंबईची पद्धत वेगळी. इथे वर्षानुवर्षं निर्णय झाले ते कागद वाचून नाही, तर गोष्ट ऐकून. लेखक किंवा दिग्दर्शक हिरोच्या घरी जाणार, चहा येणार आणि दोन-तीन तास गोष्ट चालणार. संवाद, गाण्याच्या जागा, अगदी पार्श्वसंगीतसुद्धा तोंडाने. गोष्ट रंगवून सांगणाऱ्याला मोठा भाव. चांगलं लिहिणारा पण बोलायला बुजणारा लेखक इथे मागे पडतो, ही त्याची दुसरी बाजू.

छोटं पिच आणि मोठं नॅरेशन यातला फरक बघायचा असेल तर ‘लगान’ची गोष्ट आठवावी. आशुतोष गोवारीकरांनी आमिर खानला पहिल्यांदा ही कल्पना थोडक्यात सांगितली. ब्रिटिश काळातलं खेडं, दुष्काळ, आणि लगान माफ व्हावा म्हणून धोतरातले गावकरी गोऱ्यांशी क्रिकेट खेळतात. आमिरला ती विचित्र वाटली आणि त्याने नकार दिला. गोवारीकर परत गेले, कित्येक महिने बसून तपशीलवार स्क्रिप्ट लिहिली आणि पुन्हा ऐकवली. यावेळी आमिरला ती आवडली.

पण तरीही निर्माता मिळेना. ज्यांना रस होता त्यांना बजेट कमी करून हवं होतं किंवा गोष्टीत बदल. शेवटी आमिर स्वतः निर्माता झाला. २००१ मध्ये आलेला ‘लगान’ ऑस्करच्या अंतिम पाच परदेशी सिनेमांपर्यंत पोहोचला. विचार करा, पाच मिनिटांच्या निकषावर हा पिक्चर पहिल्याच दिवशी नापास झाला होता. काही गोष्टींचा जीव तपशिलात असतो. अशा गोष्टी पिचमध्ये मार खातात आणि नॅरेशनमध्ये जिंकतात.

मग समोरासमोरचं पिचिंग आज कुठे चालतं?

सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे गोवा. इफ्फी अर्थात भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत होतो. त्याला जोडूनच एनएफडीसीने २००७ पासून फिल्म बाजार भरवायला सुरुवात केली. २०२५ पासून त्याचं नाव ‘वेव्हज फिल्म बाजार’ झालंय. तिथल्या को-प्रॉडक्शन मार्केटमध्ये निवडलेले प्रकल्प देशी-परदेशी निर्माते, वितरक आणि महोत्सवांच्या प्रतिनिधींसमोर मांडले जातात. आधी सगळ्यांसमोर छोटं पिच, मग ज्यांना रस वाटेल त्यांच्याबरोबर टेबलावर समोरासमोर बैठक.

मुंबईच्या डब्यावरचा ‘द लंचबॉक्स’ याच वाटेने गेला. रितेश बत्रांची ही पटकथा २०११ च्या एनएफडीसीच्या पटकथा कार्यशाळेत होती. पुढे भारत, फ्रान्स आणि जर्मनीतल्या निर्मात्यांचा पैसा त्यात आला आणि २०१३ मध्ये सिनेमा थेट कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये पोहोचला. चुकीच्या पत्त्यावर गेलेला एक डबा, एवढ्याशा कल्पनेत परदेशी माणसालाही गोष्ट कळते. हेच त्या पिचचं बळ.

मुंबईत मामि महोत्सवाने २०१६ मध्ये ‘वर्ड टू स्क्रीन’ नावाचा बाजार सुरू केला. तिथे लेखक आणि प्रकाशक सिनेमावाल्यांना पुस्तकं पिच करतात. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटनाही पिच फेस्ट भरवते.

परदेशात रॉटरडॅमचं सिनेमार्ट १९८० च्या दशकापासून आणि बुसानचं आशियाई मार्केट १९९८ पासून हेच काम करतंय. माहितीपटांसाठी ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवातला फोरम प्रसिद्ध आहे. तिथे वाहिन्यांचे अधिकारी समोर बसतात, पिच ऐकतात आणि प्रेक्षकांच्या देखत आपलं मत देतात. कोलकात्यात डॉकएज हा असाच मंच आहे. तर अमेरिकेत बरबँकला भरत असे तो ग्रेट अमेरिकन पिचफेस्ट म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती घंटा आणि पाच मिनिटं.

समोर बसलेला माणूस कोण असतो?

इथेच बहुतेक नवीन लेखकांची गफलत होते. त्यांना वाटतं, समोरचा माणूस खूश झाला की चेक फाडणार. तसं होत नाही.

टेबलावर बसलेला अधिकारी बहुतेक वेळा ‘डेव्हलपमेंट’ विभागातला असतो. त्याचं काम गोष्टी शोधण्याचं. सिनेमाला होकार देण्याचा अधिकार त्याच्या वरच्याला, कधीकधी त्याच्याही वरच्याला. म्हणजे तुम्ही त्याला गोष्ट सांगितली की संध्याकाळी किंवा पुढच्या सोमवारी तो तीच गोष्ट आपल्या बॉसला सांगणार. तेव्हा तुम्ही तिथे नसणार.

लॉगलाइनला एवढं महत्त्व का, याचं उत्तर इथे आहे. ऐकणाऱ्याला मोहून टाकण्यापेक्षा महत्त्वाचं हे की ऐकणाऱ्याला ती गोष्ट दुसऱ्याला सांगता आली पाहिजे. तीन उपकथानकं, सात पात्रांची नावं आणि दोन फ्लॅशबॅक ऐकून बाहेर पडलेला माणूस बॉससमोर काय सांगणार?

शिवाय तो दिवसभरात अशी अनेक पिचेस ऐकतो आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांना नाही म्हणणं हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे. चुकीच्या सिनेमाला हो म्हटलं तर नाव त्याचं येतं. नाही म्हटलेल्या सिनेमाचा हिशोब सहसा कोणी मागत नाही. म्हणून त्याच्या मनात ठरलेले प्रश्न असतात: हा सिनेमा आत्ताच का? तो तुम्हीच का करायचा? बघणार कोण? खर्च साधारण किती? स्क्रिप्ट तयार आहे की नुसती कल्पना? कोणी कलाकार किंवा दिग्दर्शक जोडला गेलाय का?

पाच मिनिटांत काय सांगायचं?

याचा काही सरकारी जीआर नाही. पण अनुभवी लेखक साधारण या क्रमाने जातात.

पहिलं अर्ध मिनिट: सिनेमाचं नाव, प्रकार आणि लॉगलाइन. विनोदी आहे की थरारपट, हे पहिल्या वाक्यात कळू द्यावं. नाहीतर ऐकणारा पहिली दोन मिनिटं हसायचं की घाबरायचं याच विचारात जातात.

पुढचं अर्ध मिनिट: ही गोष्ट तुमच्याकडे कुठून आली. ऊसतोड कामगारांवरचा सिनेमा असेल आणि तुमचं बालपण कोपीवर गेलं असेल, तर ते सांगायलाच हवं. ही गोष्ट दुसरा कोणी तुमच्यासारखी सांगू शकणार नाही, हा सगळ्यात मोठा मुद्दा असतो.

मग दोन-अडीच मिनिटं गोष्ट. मुख्य पात्र, त्याची गरज, अडथळा, मध्यावरचं वळण आणि शेवट. हो, शेवटसुद्धा. “शेवट पडद्यावरच बघा” हे प्रेक्षकाला म्हणायचं वाक्य आहे. पैसे लावणाऱ्याला शेवट माहीत असावाच लागतो.

आणि उरलेला वेळ गप्प बसायचं. प्रश्न येऊ द्यायचे. प्रश्न आले म्हणजे माणूस ऐकत होता. अनेक जण घंटा वाजेपर्यंत बोलत राहतात आणि संवाद व्हायची संधी स्वतःच घालवतात.

टाळायच्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. “असा सिनेमा आजवर झालाच नाही” असं म्हणू नये, समोरच्याने बहुतेक तो बघितलेला असतो. “पाचशे कोटी कमावेल” हा अंदाज आपण सांगू नये. आणि कागद बघून वाचू नये, कारण वाचायचंच असेल तर ईमेल पुरेसा होता.

नकार म्हणजे गोष्ट वाईट असं नाही

‘स्टार वॉर्स’ला युनायटेड आर्टिस्ट्स आणि युनिव्हर्सल या दोघांनी नाही म्हटलं होतं, मग तो ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेला. ‘बॅक टू द फ्यूचर’ला चाळीसहून जास्त नकार मिळाल्याचं त्याचे लेखक बॉब गेल सांगतात. काहींना तो फारच सोज्वळ वाटला, तर डिस्नेला नायकाची तरुणपणीची आई त्याच्याच प्रेमात पडते हे खटकलं. म्हणजे एकाच स्क्रिप्टला दोन अगदी उलट कारणांनी नकार!

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ची कहाणी तर अलीकडची. डफर बंधूंना पंधराच्या आसपास ठिकाणी नकार मिळाला. मुलं मुख्य भूमिकेत आहेत तर मुलांची मालिका करा, नाहीतर मुलं काढून पोलीस अधिकाऱ्यावर करा, असे सल्ले मिळाले. त्यांनी दोन्ही ऐकले नाहीत. उलट जुन्या सिनेमांचे तुकडे जोडून एक नकली ट्रेलर बनवला आणि आपल्याला नेमका कसला मूड हवाय ते दाखवलं. २०१६ मध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली. ‘स्क्विड गेम’ची कल्पना ह्वांग डोंग-ह्योक यांनी २००९ च्या आसपास लिहिली होती. तेव्हा ती अति हिंसक आणि अविश्वसनीय वाटली. पडद्यावर यायला २०२१ उजाडलं.

पण यातून “नकार आला म्हणजे मी स्पीलबर्ग” असा अर्थ काढू नये. ज्यांचे नकार योग्य होते त्या हजारो गोष्टी आपल्याला माहीतच नसतात.

आता मुख्य प्रश्न: कल्पना चोरली तर?

कायद्याचं मूळ सूत्र सरळ आहे आणि ते लेखकाला आवडणारं नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो कल्पनेच्या मांडणीवर, म्हणजे लिहिलेल्या कथेवर, पटकथेवर, संवादांवर.

भारतात हे ठरवणारा खटला मुळात एका पिचमधूनच सुरू झाला. नाटककार आर. जी. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक १९५४ मध्ये दिल्लीत गाजलं. दिग्दर्शक मोहन सहगल यांनी त्यात रस दाखवला. आनंद यांनी त्यांना पूर्ण नाटक वाचून दाखवलं. सहगल काही न ठरवता गेले आणि १९५६ मध्ये त्यांचा ‘न्यू दिल्ली’ आला. दोन्हींचा विषय प्रांतवाद, दोन्हींत पंजाबी आणि मद्रासी कुटुंबातलं प्रेम. आनंद कोर्टात गेले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्यांच्या विरोधात. मूळ कल्पना सारखी असली तरी मांडणी आणि विस्तार वेगळा आहे, त्यामुळे कॉपीराइटचा भंग नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आजही अशा वादांत याच निकालाचा दाखला दिला जातो.

मग लेखकाच्या हातात काहीच नाही का? आहे. त्याचं नाव आहे गोपनीयतेचा भंग. तुम्ही एखादी कल्पना विश्वासाने, व्यवसायाच्या हेतूने कोणाला सांगितली आणि त्याने ती तुम्हाला वगळून वापरली, तर कॉपीराइट नसतानाही दाद मागता येते. २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘स्वयंवर’ या रिअॅलिटी शोच्या संकल्पनेबाबत आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात संकल्पना मांडणाऱ्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिले. दोन्ही ठिकाणी लेखी कन्सेप्ट नोट होती, हे लक्षात ठेवण्यासारखं.

पण कोर्ट तपशील मागतं. ‘झोंबिवली’ हा मराठी सिनेमा येण्याआधी २०२१ मध्ये एक लेखक मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. आपली गोष्ट वापरली गेल्याचा त्याचा दावा होता. न्यायालयाने सिनेमा थांबवायला नकार दिला. तुमची माहिती गोपनीय होती असं म्हणायचं असेल, तर त्यातलं नेमकं काय नवं आणि फक्त तुमचं होतं, हे बोट ठेवून दाखवावं लागेल, असा त्याचा रोख होता. झोंबी काही कोणा एकाच्या मालकीचे नाहीत.

अमेरिकेत या वादाचं मूळ एका फोनमध्ये आहे. १९४९ मध्ये व्हिक्टर डेस्नी नावाच्या लेखकाने दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्या ऑफिसात फोन केला. १९२५ मध्ये गुहेत अडकून मेलेल्या फ्लॉइड कॉलिन्सवर त्याला सिनेमा सुचवायचा होता. सेक्रेटरी म्हणाली, थोडक्यात करा. त्याने तीन पानांचा सारांश केला आणि तो फोनवरच तिला उतरवून दिला. वापरलात तर पैसे द्यावे लागतील, हेही सांगितलं. १९५१ मध्ये वाइल्डर यांचा ‘एस इन द होल’ आला, गुहेत अडकलेल्या माणसाचाच. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कल्पनेवर मालकी नसली, तरी “वापरली तर पैसे” या अटीवर ती सांगितली आणि समोरच्याने ऐकून घेतली, तर तो एक प्रकारचा करार ठरू शकतो. पुढे प्रकरण तडजोडीने मिटलं.

कागदावर करार असला तरी सगळं सोपं होत नाही. विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड यांची छोटी कथा पॅरामाउंटने घेतली, नंतर प्रकल्प सोडला आणि १९८८ मध्ये ‘कमिंग टू अमेरिका’ आला. १९९० मध्ये कोर्टाने सिनेमा बुकवाल्ड यांच्या कथेवर आधारित असल्याचं मान्य केलं. पण करारात वाटा होता तो निव्वळ नफ्यातला, आणि पॅरामाउंट म्हणालं, तुफान चाललेल्या या सिनेमाला निव्वळ नफा झालाच नाही! ही हिशोबाची पद्धत कोर्टाने अन्यायकारक ठरवली. १९९२ मध्ये बुकवाल्ड यांना दीड लाख आणि त्यांच्या निर्माता भागीदाराला साडेसात लाख डॉलर मिळाले.

टेबलावर बसण्याआधी काय करून ठेवायचं?

पहिलं, नुसती कल्पना घेऊन जाऊ नका. निदान सविस्तर सिनॉप्सिस, शक्य असेल तर पूर्ण पटकथा लिहून ठेवा. जितकं जास्त लिहिलेलं, तितकं कायद्याचं संरक्षण जास्त.

दुसरं, नोंदणी करा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासदांना ऑनलाइन नोंदणी करता येते. या नोंदणीने कॉपीराइट ‘मिळत’ नाही, तो लिहिल्या क्षणीच तुमचा असतो. पण अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं, याचा पुरावा हाती राहतो.

तिसरं, मीटिंगनंतर त्याच दिवशी साधा ईमेल पाठवा. “आज तुम्हाला अमुक नावाची गोष्ट सांगितली, सोबत सारांश जोडला आहे.” भांडणाचा सूर नको. पण कोणाला, कधी, काय सांगितलं हे त्यातून नोंदलं जातं. गोपनीयतेच्या दाव्यात नेमकं हेच लागतं.

चौथं, सही करण्याआधी वाचा. मोठे स्टुडिओ पिच ऐकण्याआधी एक फॉर्म पुढे करतात. आमच्याकडे अशीच दुसरी गोष्ट आधीपासून असू शकते आणि त्यासाठी तुम्ही आम्हाला जबाबदार धरणार नाही, असा त्याचा साधारण अर्थ. खरंच असं असू शकतं, एकच विषय दोघांना सुचणं नवीन नाही. पण आपण काय सोडून देतोय हे माहीत असावं.

पाचवं, फुकट लिखाणाला मर्यादा घाला. “आवडलं, पण जरा बदलून पाठवा” हे वाक्य चार-पाच वेळा ऐकत लेखक महिनोन् महिने बिनपैशांचं काम करत बसतो. अमेरिकेतल्या रायटर्स गिल्डने तर यावर मोहीमच चालवली की पिच तोंडी करा, पैसे ठरल्याशिवाय नवीन पानं मागे ठेवून येऊ नका. झालेल्या गोष्टीचा सारांश पाठवणं वेगळं आणि प्रत्येक सूचनेवर नवा ड्राफ्ट लिहून देणं वेगळं.

सहावं, फी भरण्याआधी चौकशी करा. काही पिच फेस्ट पैसे घेतात. त्या पैशांत तुम्ही वेळ विकत घेता, होकार नाही. टेबलावर कोण बसणार आहे, त्या कंपनीने गेल्या दोन-तीन वर्षांत काय बनवलं, आधीच्या पिचमधून पुढे काय झालं, हे विचारा. आयोजक गोलगोल उत्तरं देत असेल तर पैसे खिशातच बरे. “पैसे भरा, सिनेमा नक्की” असं कोणी म्हणालं तर सरळ उठून या.

आणि ‘हो’ म्हणाले तर?

पिचच्या टेबलावरचा होकार म्हणजे बहुतेक वेळा “स्क्रिप्ट पाठवा” एवढंच. त्यानंतर वाचन, पुन्हा मीटिंग आणि सगळं जुळलं तर ऑप्शन करार. म्हणजे ठराविक रक्कम देऊन निर्माता साधारण वर्ष-दीड वर्ष ती गोष्ट फक्त स्वतःसाठी राखून ठेवतो. तेवढ्या वेळात त्याने सिनेमा उभा केला तर उरलेले पैसे, नाही केला तर हक्क लेखकाकडे परत. करारात ही मुदत आणि हक्क परत येण्याचं कलम आहे का, हे आधी बघायचं. नाहीतर सिनेमाही होत नाही आणि गोष्ट दुसऱ्याला सांगताही येत नाही, असे अडकलेले लेखक इंडस्ट्रीत कमी नाहीत.

पाच मिनिटांत पिक्चर विकला जात नाही. विकलं जातं ते पुढचं अर्धा तास ऐकायचं कुतूहल. तेवढं जमलं तरी घंटा वाजायच्या आत काम झालं असं समजायचं. फक्त मागायच्या आधी स्क्रिप्ट तयार हवी.